झेंड्याची गाठ

घाटकोपरला आमच्या सोसायटीसमोर एका काकांचं रिपेरिंगचं दुकान आहे. आईचा पितळी स्टोव्ह मी भंगारात देणार होतो, तर त्यांनी तो हिसकावून घेतला आणि वॉशर बदलून पेटवूनच दाखवला. "फेकताय काय? चालतोय ना!"

झेंडावंदनाला मात्र ते कधीच येत नाहीत. "देशप्रेम नाहीच माणसाला," असं सेक्रेटरी त्यांच्या तोंडावर म्हणतात. काका हसून हातातल्या स्टोव्हला पंप मारत राहतात.

यंदा सव्वीस जानेवारीला सेक्रेटरींनी दोरी ओढली, पण गाठ सुटेना. काका दुकानातून उठून आले, झेंडा खाली घेतला, गाठ नीट बांधून पुन्हा वर चढवला आणि दोरी सेक्रेटरींच्याच हातात दिली. "हलकेच ओढा."

फुलं पडली. सेक्रेटरी म्हणाले, "आलात ना शेवटी?"

"रिपेरिंगला आलो. ते रोजचंच आहे माझं."