ग्वांगझूची न टोचलेली सुई

ग्वांगझूला जायचं तर आधी उमरखेडहून नागपूरची एसटी पकडावी लागते, हे इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मी पोरांना कधी सांगितलं नव्हतं. चीनच्या दक्षिणेचं हे शहर मी नकाशावर छडीनं दाखवत आलो. माझ्या फुप्फुसाचा कर्करोग हाडांत उतरला, तेव्हा ते प्रत्यक्ष पाहायचा योग आला. इकडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तिकडे एक नवीन सुई निघाली होती, अजून माणसांवर करून पाहत होते, म्हणून फुकट होती. अट एकच : आधीचा महिनाभर दुसरं कुठलंही औषध पोटात जाता कामा नये. मी सही करून दिली. मला जगायचं होतं, त्यात लाजायचं काय?

सोबतीला सलीम होता. उमरखेडच्या स्टँडमागं त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. तो कधीकाळी दुबईला कामाला होता, म्हणून परदेशाच्या बाबतीत आमच्याकडे त्याचाच शब्द शेवटचा.

"घाबरू नका मास्तर," एसटीत तो म्हणाला. "परदेश सगळीकडे सारखाच राह्यते. लाइनीत उभं राहाचं अन् तोंड बंद ठेवाचं."

बाहेर गावोगावच्या ओसऱ्यांत कापूस पडून होता. भाव नव्हता, म्हणून कुणी बाजारात नेत नव्हतं.

माझ्या मांडीवर याडीनं (आईनं, आम्ही बंजारा, तांड्यावर गोरबोली बोलतो) दिलेली पिशवी होती. त्यात वाळवलेल्या भाकरी आणि बरणीभर जवसाची चटणी. रोज खायची अशी शपथ घालून तिनं ती दिली होती. ग्वांगझूच्या विमानतळावर साहेबानं बरणी उघडून हुंगली, दोनदा शिंकला आणि हातानंच 'जा' म्हणाला.

शहर मोठं, स्वच्छ आणि दमट. रस्त्याकडेला पारंब्या सोडलेले वड, मधून रुंद नदी. दवाखान्यासमोरच्या गल्लीत आम्हाला खोली मिळाली. सकाळी सगळे जुक (तांदळाची पातळ पेज) पितात. मला ती आवडली. सलीमनं मात्र वाडग्यात तरंगणारा तुकडा चमच्यानं उलटसुलट केला आणि वाडगा सरकवून दिला.

"हे काय आहे ते हिले तरी ठाऊक आहे का?" त्यानं वाढणारीकडे बोट केलं. त्यानंतर तोही माझ्यासोबत भाकरी आणि चटणीवरच राहिला. दुबईचा अनुभव तिथं संपला.

एका दुपारी गल्लीच्या टोकाला टणटण आवाज आला. एक म्हातारा धनुकलीनं कापूस पिंजत बसला होता. सलीम जागीच थांबला. त्याचे वडील पिंजारी. गाद्या भरत गावोगाव फिरायचे. त्यानं खुणेनं विचारलं, म्हाताऱ्यानं धनुकली त्याच्या हातात दिली, आणि पाच मिनिटांत दोघंही केसांपासून पायापर्यंत पांढरे झाले. एकाला दुसऱ्याचा एक शब्द कळत नव्हता, तरी हसून हसून बेजार. मी कडेला स्टुलावर बसलो होतो. त्या दुपारी माझ्या डोक्यात आजार आलाच नाही.

पहिल्या सुईच्या आधी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. दुभाषी मुलगी मेई, तिचं हिंदी सिनेमे पाहून तयार झालेलं.

"आपका लिवर बहुत नाराज़ है," ती म्हणाली. "कोई और दवा ली है?"

"नहीं," मी म्हणालो. खोटं बोलत नव्हतो.

बाईंनी विचारलं, खाता काय? जे हा खातो तेच, म्हणून मी सलीमकडे बोट केलं. बाईंनी लगेच त्याचं रक्त काढायला लावलं. धडधाकट माणूस, पण दुसऱ्या दिवशी त्याचंही लिवर नाराज निघालं.

"अरे बाप रे! मी तं चटणी नुसती भुकेपायी खाल्ली ना!" सलीम ओरडला.

मी घरी फोन लावला. याडीचा आवाज खुशीत होता. तिचं बोलणं मराठीत लिहितो.

"चटणी पुरली का रे? डोंगरावरच्या वैद्याची मुळी कुटून घातली त्यात. तुले सांगतलं असतं तं तू खाल्ली नसती. मास्तर ना तू मोठा!"

"पुरली, याडी," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

यादीतून माझं नाव गेलं. लिवर सावरेपर्यंत थांबतो म्हणालो, तर पुढची तुकडी कधी घेतील ते सांगता येत नाही म्हणाले. मेई रडली. मला बाईंचा राग आला, याडीचा आला, मग कुणाचाच येईना. परतीच्या विमानात मी सलीमला बजावलं, "तिले काही सांगाचं नाही."

"मी काय पागल आहे का, मास्तर?"

तांड्यावर पोचलो तेव्हा याडी दारातच उभी होती. "गुण आला का?"

"त्यायची दवाईच तयार नव्हती, याडी. उगाच बोलावलं."

ती चिनी डॉक्टरांवर तुटून पडली. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. सलीमनं तिच्यापेक्षाही मोठ्यानं शिव्या घातल्या. घालता घालता त्याचे डोळे भरले, म्हणून तो गाडीत काही राहिलं का पाहायला गेला.

आता लोक येतात, चीन कसा आहे विचारतात. मी वड, नदी, पेज सांगतो. चांगला देश आहे. बाकीचं इथं लिहून ठेवतोय, कारण अख्ख्या तांड्याला मी वाचायला शिकवलं, फक्त याडीचं राहून गेलं. वैद्याची ती मुळी आता याडी कुणीही आजारी दिसलं की देऊ करते. ती मुळी मात्र फेकून द्या. आणि मी गेल्यावर हे कुणाच्या हाती पडलं, तर तिला वाचून दाखवू नका.