धार न काढलेली म्हैस

मैत्रिणींनो, आत्ताच पानिपतजवळच्या गुरांच्या बाजारातून घरी आले. फार थकले आहे.

माझी भाची ऋतुजा दिल्लीत करोल बागेतले स्पर्धा परीक्षांचे क्लास सोडून गावी दुधाचा धंदा करणार आहे. आज तिची पहिली म्हैस घ्यायची होती.

एक आवडली. पण कास भरदार दिसावी म्हणून मालकाने कालपासून धारच काढली नव्हती. बिचारी सारखी पाय झाडत होती. आजोळी जरा उशीर झाला तरी गाय कशी हंबरायची, ते आठवलं.

"ताऊ, पहले दूध निकालो, दर्द हो रहा है उसे," ऋतुजा म्हणाली.

"बेटी, खरीदने आई है या इलाज करने?"

मी म्हटलं, "घेऊन टाक गं, सुटेल तरी."

"मावशी, मी घेतली तर उद्या दुसरीला असंच उभं करेल तो."

आम्ही तशाच परतलो. तिचं बरोबरच आहे. तरी त्या म्हशीची धार आता तरी काढली असेल का, एवढंच मनात येतंय. तुम्ही काय केलं असतं?