तिसऱ्या रिळावरचा हात

सई आणि ईशान,

तुमच्या आजोबांचे मित्र अण्णा, यांच्यासारखा माणूस बेंगळुरूत दुसरा झाला नाही, आणि झाला असता तरी एका शहराला असे दोन झेपले नसते. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. आत्ता लिहिते आहे, कारण महिन्यापूर्वी सईने परदेशातून कळवलं की ती तिकडेच क्वामेशी लग्न करणार आहे, क्वामेचे आईवडील घानाचे आहेत, आणि तेव्हापासून इथला फोन वाजायचा थांबलेला नाही. पुण्याहून तुमच्या आत्याने फोटो पाहून विचारलं, "आई, हा उन्हात काढलाय का गं?" मग तुमच्या बाबाने विचारलं, "आई, तू काय म्हणतेस?" मी म्हणाले, "विचार करून कळवते." फोन ठेवला आणि एकदम फार थकल्यासारखं वाटलं. माझं वय ऐंशी. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली. यात एवढा विचार करण्यासारखं काय होतं? ते सांगायचं तर वाट अण्णांवरूनच जाते. ईशान, तुला मराठी अडेल तिथे ताईला विचार.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. आजोबा नोकरी करत त्याच कारखान्यात ते यंत्रं दुरुस्त करायचे, पण ते केवळ पोटासाठी. खरं काम शनिवारी संध्याकाळी, आमच्या क्वार्टर्सच्या करमणूक हॉलमध्ये, सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरमागे उभं राहून. आमच्या चित्रपट मंडळाचे ते ऑपरेटर होते आणि मी चिटणीस. एक रीळ पाऊण तास चालतं, आणि या माणसाने जगातली प्रत्येक गोष्ट रिळांत मोजली. भात शिजायला अर्धं रीळ. थोरल्या लेकीच्या जन्माच्या वेळी ते दवाखान्याबाहेर उभे होते ते साडेचार रिळं. शिवाजीनगरच्या एजन्सीतून सिनेमाचे डबे घेऊन घरी यायला तेव्हा एक रीळ पुरायचं. आता मी व्हाइटफील्डला राहते आणि शिवाजीनगरहून इथवर यायला तीन लागतात, म्हणजे मधे चहा आणि शेवटी रडारड धरून एक पूर्ण सिनेमा. बसमध्ये ते डब्यांना खिडकीजवळ बसवायचे आणि स्वतः उभे राहायचे. कंडक्टरने कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, या सीटवर कोण?" की हे गंभीरपणे सांगायचे, "नटी आहे, स्वल्प आजारी आहे." ओळखीचे कंडक्टर नटीची तब्येत विचारू लागले होते.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे डावा हात. तेव्हा आमच्या सिनेमांना आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळे यायचे. पडद्यावर चुंबन आलं की ऑपरेटरने लेन्ससमोर हात धरायचा आणि प्रसंग संपला की काढायचा, असा रिवाज होता. लोक काळोखात संगीत ऐकत बसायचे. या हाताला अण्णा यंत्राचा भाग मानत. डाव्या हाताने ते लोणच्याची बरणी उचलत नसत, आणि थंडीत स्कूटरवर फक्त त्याच हातात मोजा घालत. नव्याने आलेल्या बायकांना वाटायचं, भाजलाय बिचाऱ्यांचा. एकदा नेमका हात लेन्ससमोर असताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. हात निघाला तेव्हा नायकाला दोन मुलं झालेली होती आणि नायिकेचे केस पिकलेले होते. हॉलमध्ये गोंधळ. मी मागे जाऊन म्हटलं, "अण्णा, मधलं कुठे गेलं?" म्हणाले, "मी झाकलं की वैनी. झाका म्हणून तुमीच सांगतासा!"

रीळ बदलताना चार-पाच मिनिटं दिवे लागायचे, तेवढ्यात ते पुढे येऊन झालेली गोष्ट मराठीत सांगत. पुष्कळ बायकांना इंग्रजी उच्चार कळत नसत. मला कळत, त्यामुळे माझा नेहमी संताप व्हायचा, कारण अण्णा लंडनच्या उमरावाला खुशाल "चिकोडीच्या देसायावानी माणूस" म्हणायचे. इंग्रजी त्यांचं चौथीपर्यंतचं. पण खरं सांगायचं तर उमराव मला नीट कळले ते त्यांनी सांगितल्यावरच.

हात कुठे धरायचा हे ठरवण्याची एक पद्धत होती, आणि ती मी घालून दिलेली होती. अण्णा शुक्रवारी एकटे बसून सिनेमा चालवून बघत आणि मला यादी देत: अमुक रीळ, अमुक दोघं. मी निळ्या पेन्सिलीने खूण करायची. नियम माझाच होता. लग्न झालेलं किंवा ठरलेलं असेल तर हात नाही. नसेल तर हात. या नियमाचं समितीत फार कौतुक झालं होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता.

मग तो इस्पितळाचा सिनेमा आला. शिवाजीनगरची एजन्सी बंद होत होती आणि मालकाने जाता जाता अण्णांना एक जुनी प्रत कायमची देऊन टाकली. सुरुवातीची पट्टी तुटलेली होती, त्यामुळे नाव कधी कुणाला कळलंच नाही. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. ब्रह्मदेशच्या जंगलात लष्करी इस्पितळ, तिथे एक इंग्रज नर्स. तिचं लग्न एका इंग्रज कॅप्टनशी ठरलेलं. त्या कॅप्टनला पाठीवर घेऊन नदी पार करताना एक सार्जंट गोळी खातो. हा सार्जंट पश्चिम आफ्रिकेचा. नर्स त्याची शुश्रूषा करते आणि त्याच्या प्रेमात पडते. इस्पितळातले गोरे लोक त्याच्या खाटेभोवती पडदा लावतात, तिला समजावतात, धमकावतात. ज्याचा जीव वाचला तो कॅप्टनही तोंड फिरवतो.

अण्णांनी यादी दिली. पहिलं रीळ, नर्स आणि कॅप्टन. तिसरं रीळ, नर्स आणि सार्जंट. मी पहिलं सोडलं आणि तिसऱ्यावर निळी खूण केली. मला कुणी सांगितलं नव्हतं, सई. समितीची बैठकही झाली नव्हती. पेन्सिल आपोआप तिथे गेली.

अण्णांनी यादी परत आणली. "वैनी, हितं चुकलंय. दुसऱ्या रिळात तिनं कॅप्टनची अंगठी परत दिली. तिसऱ्यात ह्या दोघांचं ठरलंय. तुमच्या नियमानं हात नको."

"तसं नाही अण्णा. लोकांना आवडणार नाही ते."

"कुठल्या लोकांस्नी?"

"अहो, मुलं असतात हॉलमध्ये."

"मुलं पयल्या रिळाला पण असत्यात की."

मी म्हटलं, "धरा हात. मी सांगते ना." त्यांनी "सरी" म्हणून यादी खिशात घातली. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं. पण अण्णांच्या सरीमध्ये होकार किती आणि ऐकून घेतल्याची पोच किती, हे मला कधीच ओळखता आलं नाही.

शनिवारी हॉल भरला. पहिल्या रिळात कॅप्टनने नर्सचं चुंबन घेतलं, एकदोघं खाकरले, बाकी सगळं ठीक. दुसऱ्या रिळानंतर अण्णा पुढे आले. "बगा, कॅप्टन वाईट न्हाई. पण बोलताना तिच्याकडं बगत न्हाई, आपल्या बुटाकडं बगतोय. आणि त्यो सार्जंट तापात बडबडतोय, त्यातबी तिला म्हणतोय, तू जेवलीस काय? आता सांगा, बाईचं काय चुकलं?"

मागून एक आजी म्हणाल्या, "चुकलं काही नाही हो. पण घरी काय सांगायचं तिनं?" सगळे हसले. मीही हसले.

तिसऱ्या रिळात ती वेळ आली. मी दाराशी, माझ्या नेहमीच्या खुर्चीवर होते. हात येण्याची वाट बघत होते. हात आला नाही. मागे वळून पाहिलं तर प्रोजेक्टरच्या उजेडात अण्णा ताठ उभे, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. एका पुरुषाने सार्जंटच्या रंगावरून काहीतरी म्हटलं, ते इथे लिहीत नाही. आणि मी उठून भिंतीवरचं बटण दाबलं. सगळे दिवे लागले. पडद्यावरची ती दोघंही पुसून गेली.

अण्णांनी प्रोजेक्टर थांबवला. "कुणी लावला दिवा?" असं त्यांनी विचारलं नाही. "स्वल्प थांबा, रीळ मागं घेतो," एवढंच म्हणाले आणि हाताने रीळ उलटं फिरवू लागले. मग म्हणाले, "कुणीतरी दिवा घालवा आता." माझा हात बटणापासून वीतभर होता. तो हलला नाही. शेवटी तुमचे आजोबा तिसऱ्या रांगेतून उठून आले, माझ्याकडे न बघता त्यांनी दिवे घालवले, आणि परत जाऊन बसले. मी बाहेर पडून घरी गेले आणि कूकर लावला. आजोबा आले तेव्हा मी म्हटलं, डोकं दुखत होतं. ते म्हणाले, "बरं. दमली असशील."

पुढच्या बैठकीत "काही प्रेक्षकांनी घेतलेल्या हरकतीमुळे" अण्णांकडून प्रोजेक्टर काढून घ्यायचं ठरलं. तो ठराव माझ्या वळणदार अक्षरात आहे. नवा ऑपरेटर आला. त्याचा हात वेळेवर यायचा आणि वेळेवर जायचा, आणि सहा महिन्यांत लोक यायचे बंद झाले. अण्णांनी कुठून तरी जुना प्रोजेक्टर मिळवला आणि पुढे कितीतरी वर्षं ते घराच्या भिंतीवर तो सिनेमा दाखवत राहिले. आजोबा जायचे. मला नेमकं काहीतरी काम असायचं.

तुमच्या बाबाला "कळवते" म्हटल्यानंतर आठवडाभराने मी टॅक्सी करून आनेकलला गेले. अण्णा आता तिथे लेकीकडे असतात. जाताना अडीच रिळं लागली. पाठ मोडून गेली. ते अंगणात खुर्चीवर होते, अगदी चिमणीएवढे झालेले, पण आवाज तोच. "या वैनी! नटी आली की गं," असं त्यांनी लेकीला ओरडून सांगितलं.

मी फोनवर क्वामेचा फोटो दाखवला. त्यांनी फोन हात लांब करून धरला, मग नाकाशी आणला, मग पुन्हा लांब केला. "सईचा काय? उंच हाय. दात बरे हाईत. काम काय करतोय?"

"पूल बांधतो. इंजिनियर."

"तिला हसवतोय काय?"

"हसवतो म्हणे."

"मग तुमी एवढं तोंड करून का आलाय?"

मग मी सांगितलं. इतक्या वर्षांत हे कुणालाही सांगितलं नव्हतं, आजोबांनाही. "अण्णा, त्या दिवशी दिवा मी लावला होता."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "बांगड्या वाजल्या तुमच्या."

"राग नाही आला?"

"आला तर! पंधरा दिवस तुमच्याकडं चहा पिलो न्हाई. तुमच्या ध्यानातबी आलं न्हाई, त्याचा आणि राग आला." त्यांची लेक दारातून हसली. मला हसू येईना. मी विचारलं, "अण्णा, त्या सिनेमाचा शेवट काय होता हो? मी पाहिलाच नाही."

त्यांनी फोन मला परत दिला. "शेवटी सार्जंटला परत न्यायला ट्रक येतोय. ती त्याच्याबरोबर चढती. सगळं इस्पितळ बगत उभं, पण कुणी पुढं येत न्हाई. मग कॅप्टन येतोय, कुबड्या घेऊन. आणि ट्रकचं मागचं फळकूट वर करून कडी लावतोय, त्यांनी पडू नये म्हणून. झालं."

"रडतो का तो?"

"न्हाई. दमलेला असतोय. ती कडी काय लवकर बसत न्हाई, वैनी. दोनदा निसटती."

येताना तीन रिळं लागली आणि सगळा वेळ मी त्या कडीचाच विचार करत होते. सई, त्या महिन्याभरात मी जो विचार करत होते तो तुझ्या सुखाचा नव्हता. लोक काय म्हणतील याचाही नव्हता, कारण माझ्या ओळखीचे बहुतेक लोक आता कुठे उरले आहेत? तो विचार माझाच होता, माझ्याच हाताचा, आणि तुला तो कुणा दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावा म्हणून हे लिहिलं. तुझ्या बाबाला काल फोन केला. आत्यालाही केला आणि सांगितलं की फोटो सावलीत काढलेला आहे, मुलगा तसाच आहे, आणि मला तो आवडला आहे. क्वामेला मला काय म्हणायचं असेल ते म्हणू दे. आजी म्हणाला तर बरं वाटेल.

बाकी काय सांगू. त्या सिनेमाच्या रिळांना आंबूस वास येऊ लागला, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आणि अण्णांच्या लेकीला ती टाकून द्यावी लागली. हॉलच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. आजोबा नाहीत. अण्णा आहेत, पण त्यांना आता घराबाहेर नेणं जमत नाही. माझे गुडघे चालतात, हळू चालतात. पासपोर्ट आज सकाळी कपाटातून काढून पाहिला. तो अजून दोन वर्षं चालू आहे.

तुमची आजी