कोरा पडदा

आमच्या रक्तपेढीत तिला सगळे यादीबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. रक्तदात्यांची यादी सांभाळणारी ही बाई एकोणीस वर्षं माझ्या शेजारी बसते आणि एकोणीस वर्षं मला शिस्त लावते. माझ्या टेबलावरचा कपसुद्धा तिला वाकडा चालत नाही.

रोज सकाळी ती कॉम्प्युटरला आज्ञा देते: यापुढची उत्तरं पडद्यावर नकोत, फाइलमध्ये जाऊ देत. मग त्या दिवशी ज्यांना फोन करायचे त्यांची यादी फाइलमध्ये उतरते. लगेच दुसरी आज्ञा, उत्तरं परत पडद्यावर. ती विसरू नये म्हणून मॉनिटरला चिठ्ठी: 'परत पडद्यावर!'

त्या मंगळवारी साफसफाईत चिठ्ठी निघून गेली होती.

अकराला ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट दुर्मीळ, आमच्या फ्रिजमध्ये एकही पिशवी नाही. यादीबाईने त्या गटाचे दाते विचारले. पडदा कोरा. यादीत कुणी नसलं की हा प्रोग्राम 'नाही' एवढंही म्हणत नाही, मख्ख बसतो. तिने पुन्हा विचारलं. कोराच.

"डॉक्टर, आपल्याकडे कुणीच नाही हो," म्हणत तिने फोन ठेवला.

"अगं, नीट विचारलंस ना?" मी ओरडलेच.

"मग? आज शिकतेय का मी?" रागाच्या भरात तिने स्वतःचंच नाव विचारलं. ती नेमाने रक्त देते, यादीत आहेच.

पडदा कोरा.

"मीसुद्धा नाही?" तिची नजर मॉनिटरवरच्या चिठ्ठीच्या रिकाम्या जागेकडे गेली. घाईघाईने 'परत पडद्यावर'ची आज्ञा देऊन तिने सकाळची फाइल उघडली. यादीच्या खाली त्या गटाचे दोन दाते होते, दोन-दोनदा. सगळ्यात शेवटी ती स्वतः.

पहिला दाता वीस मिनिटांत आला. बाळंतीण वाचली. आम्ही हुश्श केलं, यादीबाईने नाही.

आता महिना झाला. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती जुन्या फायली उघडते आणि प्रत्येकीचा तळ बघते, याआधीही असं एखादं उत्तर तिथे पडून राहिलंय का ते. माझा कप वाकडा आहे की सरळ, तिला दिसतही नाही.

काल न राहवून विचारलं, "सापडलं का गं काही?"

"अजून तरी नाही," ती मान वर न करता म्हणाली. "पण चार वर्षांच्या राहिल्यात."