कानवाल्या बाई

आमच्या खोलीत माणसाला नाव नसतं, दुखणं असतं. पायवाले काका, जबडेवाल्या मावशी, आणि त्या वेळी तिसऱ्या खुर्चीत कानवाल्या बाई. मी त्यांची आतली सिस्टर. म्हणजे असं की, नळ फिरवून दाब वाढवणारा एक जण बाहेर बसतो, त्याला आम्ही 'बाहेरचा' म्हणतो. आणि पेशंटांबरोबर त्या लोखंडी टाकीत स्वतःला कोंडून घेते ती मी, 'आतली'. लग्नाआधीच नवऱ्याला सांगून टाकलं होतं, की मी रोज परक्या माणसांबरोबर दार लावून बसते, तुझ्यापासून काही लपवायचं नाही मला. तो म्हणाला, "मला त्यांचीच दया येते." तोंडाळ आहे मी, कबूल आहे. पण टाकीत गप्प बसणारी सिस्टर काय कामाची?

टाकीची भानगड एकदाच सांगते. दार लावलं की आत हवा भरत जातात, बाहेरच्या हवेच्या दुपटीहून थोड्या जास्त दाबापर्यंत. मग पेशंटच्या तोंडावर मास्क, आणि मास्कमधून निव्वळ ऑक्सिजन. सोड्याच्या बाटलीत दाब देऊन गॅस पाण्यात मुरवतात ना, तसा हा ऑक्सिजन रक्तात मुरतो आणि जिथे एरवी पुरेसा पोचत नाही तिथेही जाऊन पोचतो. काका शिंपी होते. साखरेमुळे त्यांच्या तळपायाची जखम काही केल्या भरत नव्हती, पाय कापायची भाषा सुरू झाली होती. मावशींचा कॅन्सर रेडिएशनने गेला, पण त्या रेडिएशननेच जबड्याचं हाड सुकवून टाकलं होतं. कधी मध्येच बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरने गुदमरलेलं कुणी आणतात, कधी पाण्यातून घाईने वर आलेला पाणबुड्या. आणि कधी एखाद्या बाई येऊन विचारतात, "ह्याने सुरकुत्या जातात का हो?" त्यांना मी सांगते, तसं असतं तर आधी माझ्याकडे बघून कळलं असतं तुम्हाला.

कानवाल्या बाई आल्या त्या एकट्याच. आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: सोबत कोण? बाई म्हणाल्या, "कोणी नाही." मी म्हटलं, "आत्ता नाही, पण नंतर न्यायला कोण येणार?" बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच आवाजात, जरासुद्धा न चिडता. पन्नाशीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या, केस घट्ट बांधलेले. केसांना तेल होतं. टाकीत तेल चालत नाही, आग लागायची भीती असते, म्हणून मी त्यांना धुवायला परत पाठवलं. जाताना म्हणाल्या, "तुम्ही आधीच सांगायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं, पण मला रागच आला.

त्या वीज गेल्याच्या तक्रारी घ्यायच्या. शहरभरात दिवे गेले की ज्या फोनवर लोक तोंडाला येईल ते बोलतात, त्या फोनच्या ह्या टोकाला. उजव्या कानाला तक्रारवाला, डाव्या कानाला वायरलेसवरचा वायरमन. हा म्हणतो अंधार झाला, तो म्हणतो खांबावर चढतोय. उजव्या कानाने शिव्या ऐकायच्या, डाव्या कानाने लाइन बंद आहे की चालू ते ऐकायचं, आणि दोघांमध्ये गफलत होऊ द्यायची नाही. उभी नोकरी त्यांनी हेच केलं होतं. त्यांच्या पाळीत एकाही वायरमनला धक्का बसला नव्हता, हे त्यांनी नाही सांगितलं; काकांनी खोदून खोदून काढून घेतलं.

आणि एके सकाळी डावा कान गेला. दुखणं नाही, ताप नाही, काही नाही. घरी कळलंच नाही. कळणार कसं? दोन खोल्यांत एकट्या बाई, डावीकडून हाक मारायला आहे कोण तिथे? कामावर गेल्या, हेडफोन डाव्या कानाला लावला, आवाज नाही. बाईंना वाटलं हेडफोन मेला. दुसरा घेतला, तो मेला. तिसरा मागवला. दुरुस्तीवाल्याला झापलं, म्हणाल्या, भिकार माल आणतोस. तो बिचारा हेडफोन स्वतःच्या कानाला लावून म्हणाला, "बाई, हा तर खणखणीत चालतोय." तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मग मळ असेल म्हणून थेंब घातले, पाणी गेलं असेल म्हणून वाट पाहिली. कानाच्या खऱ्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत आठवडा उलटून गेला होता. अशा अचानक गेलेल्या कानाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळ्या आणि टाकी मिळाली तर परत यायची आशा असते, नंतर आशा विरत जाते. खात्री तर डॉक्टर तेव्हाही देत नाहीत.

पहिल्या दिवशी दाब वाढायला लागला तसं मी नेहमीचं पुराण सुरू केलं. नाक धरा, तोंड मिटा, हळूच जोर लावा, आवंढा गिळा, कान मोकळे झाले की बोट वर. काकांचं वर, मावशींचं वर. बाईंचा चेहरा वाकडा झाला. मी बाहेरच्याला थांबायला सांगितलं. बाई डाव्या कानावर हात दाबून म्हणाल्या, "हाच दुखतोय. ऐकू काही येत नाही, आणि दुखायला मात्र हजर." काका हसले, मावशी जबडा धरून हसल्या. मग बाईही जराशा हसल्या. मला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या.

मास्क लावला की टाकीत कोणी बोलू शकत नाही. पण मध्ये मध्ये थोडा वेळ मास्क काढून साधी हवा घ्यायची असते, आणि तेवढ्यात सगळ्यांना सगळं बोलायचं असतं. त्या दाबात आवाज नाकातून आल्यासारखा येतो, त्यामुळे गंभीर गोष्टसुद्धा गमतीची वाटते. काका म्हणाले, "बाई, एवढ्या शिव्या खायच्या तरी तुम्ही शांत कशा?" त्या म्हणाल्या, "सोपं आहे. ह्या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं. आता पंचाईत झाली. आत गेलेलं बाहेर पडायला वाटच नाही, सगळं आतच साठतंय." आम्ही पोट धरून हसलो. बाहेरचा काचेतून बघत होता, की ह्या लोकांना ऑक्सिजन चढला की काय.

मग एकदा मी विचारलं, कान नाहीच आला तर काय? त्या म्हणाल्या, साहेबांनी सांगितलंय, दोन्ही कान चांगले असल्याचा डॉक्टरांचा दाखला आण, नाहीतर जुन्या फायलींच्या खोलीत बस. पगार तोच, उलट काम कमी. मी म्हटलं, "मग बरंच की. शिव्या नाहीत, कटकट नाही." त्यांनी हातातला मास्क मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "सिस्टर, मी घरी गेल्यावर माझ्याशी कोणी बोलत नाही. भावाचं लांब बस्तान, फोन येतो तो काही असलं तर. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा आवाज मीच ऐकलेला नसतो. मग कामावर येते आणि दिवसभर माणसं बोलतात माझ्याशी. शिव्या का देईनात, मला देतात. फायलींच्या खोलीत एक माणूस होता, तो निवृत्त झाला. आता तिथे मी आणि वाळवी." एवढ्यात मास्क लावायची वेळ झाली. मी त्यांचा मास्क बसवला, पट्टा घट्ट केला, आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

त्यानंतर मी रोज टाकी उघडली की आधी त्यांच्या डाव्या बाजूला जायची, त्यांना उजव्या कानात बोट घालायला लावायची आणि हळूच काहीतरी बोलायची. कान बघायचा म्हणून. बरेच दिवस काही नाही. मग एकदा बोट कानात असतानाच मी त्यांच्या मागे, डावीकडे, ट्रे आदळला आणि त्यांनी मान वळवली. काका ओरडले, "आला, कान आला!" बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आता माझे जातील."

काकांची जखम भरत आली, त्यांचा पाय वाचला, ते आधी सुटले. मावशींच्या दातांचं काम करायला डॉक्टरांनी होकार दिला. उरल्या बाई. त्यांची शेवटची ऐकण्याची चाचणी होती आणि तिच्यावर तो दाखला. मी विचारलं, सोबत कोण? मग मीच म्हटलं, चला, माझी जेवणाची सुट्टी आहे.

चाचणीच्या खोलीत काचेपलीकडे बाई, काचेअलीकडे चाचणी घेणाऱ्या मॅडम, आणि मॅडमच्या मागे मी. आधी शिट्ट्यांसारखे आवाज. ऐकू आला की बटण दाबायचं. जाड आवाज बाईंनी पटापट पकडले, बारीक आवाजांना बटण हललं नाही. मग शब्द. मॅडम माइकवर शब्द म्हणतात, तो फक्त डाव्या कानात जातो. उजव्यात मुद्दाम खरखर सोडतात, चांगल्या कानाने चोरून ऐकू नये म्हणून. एरवी मॅडम तोंडापुढे पुठ्ठा धरतात. त्या दिवशी त्यांना पडसं झालेलं, एका हातात पेन, दुसऱ्यात रुमाल, पुठ्ठा टेबलावरच पडून राहिला.

"घर." बाई म्हणाल्या, "घर." "कागद." "कागद." "पूल." "पूल." एकामागून एक बरोबर. मला इतका आनंद झाला की मी मॅडमच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मॅडमही मान डोलवून टिका मारत होत्या. मग माझं लक्ष बाईंच्या डोळ्यांकडे गेलं. ते मॅडमच्या ओठांवर खिळले होते. टाकीत मास्क आणि हवेच्या आवाजात त्या माझं बोलणं तोंडाकडे बघून घ्यायच्या, ते मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. देवाशपथ, मुळीच बोलणार नव्हते. ज्याचं कोणी नाही त्याने ओठ बघितले तर बिघडलं कुठे?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता कोण जाणे. मग त्यांनी डोळे मिटले.

मॅडम म्हणाल्या, "कान." बाई थोड्या थांबल्या, म्हणाल्या, "पान." "माती." "काठी." मॅडमनी वर बघितलं. मी मनात म्हणत होते, उघड गं बये, डोळे उघड. "वीज," मॅडम म्हणाल्या. जिचा जन्म ह्या एका शब्दात गेला ती बाई डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, कानात प्राण आणून ऐकत होती. म्हणाली, "मीठ."

त्यानंतर एकही शब्द बरोबर आला नाही. मॅडमनी आधीचा कागद बाजूला ठेवला, पुठ्ठा उचलला आणि सगळं पहिल्यापासून घेतलं.

डॉक्टर खूश होते. अगदी मेलेला कान होता, आता अर्धा तरी जागा झालाय, हा चांगला गुण आहे, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पण दाखल्यावर त्यांनी जे खरं ते लिहिलं: आवाज कळतो, शब्द कळत नाहीत.

बाहेर जिन्यात मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, कशाला डोळे मिटलेत? निभावून गेलं असतं ना. थोडेच शब्द राहिले होते." त्या जिन्याच्या कठड्याला धरून उतरत होत्या. म्हणाल्या, "मॅडमचे ओठ दिसत होते गं. खांबावरच्या माणसाचे दिसत नाहीत." आणि मग म्हणाल्या, "तो 'लाइन बंद केली का' म्हणाला, आणि मला 'बंद केली' ऐकू आलं, तर?"

 मी त्यांच्याबरोबर खाली फाटकापर्यंत चालत गेले. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. सोमवारपासून फायलींची खोली, असं त्या म्हणाल्या, कोणाला तरी पत्ता सांगावा तसं. मी म्हटलं, "येत जा ना इकडे." म्हणाल्या, "कशाला? माझं दुखणं संपलं."

मग त्या थांबल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला चालत होते, इतक्या दिवसांच्या सवयीने. त्या माझ्या मागून वळून दुसऱ्या बाजूला आल्या, चांगला कान माझ्याकडे केला आणि म्हणाल्या, "बसथांब्यापर्यंत बोल माझ्याशी. काहीही बोल."

आणि मला, दिवसभर टकळी चालवणाऱ्या बाईला, शब्द सापडेना. थांबा समोरच दिसत होता. मी चालायचा वेग कमी केला.