पोटाचं ऐकणारे साडू

माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या पोटावर जास्त विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि ते नेमके माझे साडू आहेत. शिकवतात इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स, पण जीव अडकलाय पोटातल्या गुडगुडीत. आतडी चालतात तेव्हा आवाज करतात. तो नीट पकडला तर नळी न घालता, सुई न टोचता पोटाची चाल कळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी इवले मायक्रोफोन बसवलेला कापडी पट्टाच त्यांनी शिंप्याकडून शिवून घेतलाय. लग्नात तांबडा-पांढरा हाणून आपण पान शोधायला उठावं, तर हे पट्टा घेऊन समोर: "जरा आडवे होता का? मटण आत्ता रंगात आलं असेल." नृसिंहवाडीला तर बासुंदी खाल्लेले सगळे नातेवाईक त्यांनी सतरंजीवर ओळीनं निजवले, तेव्हा विषबाधा झाली म्हणून लोक गोळा झाले. ते आवाज पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवले जातात. "यातला तुमचा कुठला, ओळखा," असं म्हटल्यावर मी एक धीरगंभीर गडगडाट निवडला. तो मेव्हणीचा निघाला. ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आमचे सासरे कागलकडचे, म्हशी बाळगून असलेले, रोखठोक. "पावणं, म्हस फुगली की गुरांचा डॉक्टर बी असाच कान लावतोय. तुमच्यात नवीन काय हाय?" यावर साडूच खूश: "मामा, तेच तर म्हणतोय मी!"

गेल्या वर्षी या सासऱ्यांच्याच आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन झालं, पण पोट काही चालू होईना. नाकात नळी, पाण्याचा घोटही बंद. सर्जन येत, पोटाला स्टेथोस्कोप लावत आणि विचारत, "वारा सरला?" एरवी ज्या आवाजाला सगळे नाक मुरडतात, त्यासाठी आमचं घराणं देव पाण्यात घालून बसलं होतं. पुन्हा पोट उघडावं लागेल, अशी कुजबुज सुरू झाली. दोघी बहिणी जिन्यात रडत बसल्या. साडूंनी सर्जनना विचारून पट्टा बांधला आणि हेडफोन लावून खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी चेष्टा करायची माझी हिंमत झाली नाही. दुपार कलल्यावर त्यांनी एकदम हेडफोन माझ्या कानांवर दाबले. आधी नुसती खरखर. मग खोल कुठंतरी, विहिरीत घागर बुडावी तसा आवाज. थोड्या वेळानं पुन्हा. सर्जननीही ऐकलं, पोट चाचपलं. "सुरुवात दिसतेय. एवढ्यावर नळी काढणार नाही, पण पुन्हा उघडायची घाईही नको. वाट बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी जी वर्दी दिली, ती पट्ट्याशिवाय बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आली. "घ्या पावणं," ते क्षीण आवाजात म्हणाले, "लागला तुमचा निकाल." साडू हसता हसता रडायलाच लागले.

यंत्र अजून पुरतं जमलेलं नाही. पट्टा सरकतो, श्वासाचे आवाज मिसळतात. पण आता एखाददुसरा डॉक्टर आपणहून फोन करतो, "या, एक पोट ऐकायचंय." सासरेही थकलेत, जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. परवा कागलला गेलो, तर सदरा वर करून स्वतःच कॉटवर आडवे झाले. साडू पट्टा बांधायला वाकले, तेव्हा जावयांना उभ्या जन्मात मायेनं हात न लावलेल्या त्या म्हाताऱ्यानं त्यांच्या पिकत चाललेल्या केसांवर तळवा ठेवला.

"ऐका निवांत. हाय की मी अजून."

साडू बराच वेळ मान वर करेनात.