तळ्याचं पाणी आणि मावशींची विहीर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सातपूरपलीकडच्या एका तळ्याचं भवितव्य माझ्या आणि पालिकेच्या ऑफिसातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरच्या हाती आलं होतं. दोघेही नवखे आणि गरम डोक्याचे. तळ्यात नव्या वसाहतींच्या सांडपाण्याचा नाला उतरायचा. काठावर झेंडू पिकवणाऱ्या मावशींना तो वळवून हवा होता, कारण त्यांच्या म्हशी त्या पाण्याला तोंडसुद्धा लावत नव्हत्या. आमचे साहेब म्हणाले, "तळ्याचं पुढे काय होईल, ते आधी कॉम्प्युटरवरचं मॉडेल काय म्हणतं ते बघू."

दर सोमवारी तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचं काम मावशींनीच अंगावर घेतलं. प्रयोगशाळेतून आकडे आले की मी ते मॉडेलला भरवायचो आणि कॉम्प्युटर दुपारभर गुरगुरत बसायचा. तीन महिन्यांनी निकाल लागला: नाला असाच वाहिला तरी तळं झकास राहील! मी छाती फुगवून रंगीत आलेख छापले. साहेबांनी नाला वळवायचा प्रस्ताव बासनात गुंडाळला.

मावशींना हे सांगायला गेलो, तर त्यांचा चेहराच पडला. समोर तळं पालकाच्या भाजीसारखं हिरवंगार. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "मावशी, बाटल्या भरता कुठे?"

"आमच्या हिरीवर. साह्यबांकडं जायाचं पाणी, ते घाण कसं देऊ? राखेनं घासून भरते बाटल्या. म्हनलं, साह्यब खूश झालं तर नाला वळवतील."

मी कपाळावर हात मारला. मॉडेल बिचारं तीन महिने विहिरीचं भविष्य सांगत होतं! मग मी स्वतः गुडघाभर गाळात उतरून बाटल्या भरल्या. मॉडेलनं लगेच तळ्याची आशा सोडली आणि साहेबांनी मॉडेलची. "काल एक म्हणतं, आज दुसरंच. चला, मीच बघतो."

साहेब येऊन मावशींच्या अंगणात बसले. मावशी रिवाजाप्रमाणे तांब्या घेऊन विहिरीकडे निघाल्या. मी आडवा गेलो, तांब्या जवळजवळ हिसकावला आणि तळ्यातून भरून साहेबांपुढे धरला. साहेबांना नुसता वास पुरला. त्यांनी तिथेच, गव्हाणीवर प्रस्तावाचा कागद टेकवून सही ठोकली.

पावसाळ्याआधी नाला वळला. पुढच्या वर्षी तळ्यात म्हशी मजेत डुंबत होत्या. मी नवे आलेख मिरवत मावशींकडे गेलो. त्यांनी मूठभर झेंडू हातावर ठेवला, पण पाणी काही विचारलं नाही.

"नाला वळला, लय बेस झालं," त्या म्हणाल्या. "पन माज्या दारात पाव्हन्यापुढं तसलं पानी धरलं तुमी."

भर उन्हात सातपूरपर्यंत तहानलेला आलो. आलेखांची मला लाज वाटत होती.